प्रत्येक मोठ्या माणसाला गाडी चालवता यायलाच हवी का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वय चाळिशीच्या आसपास, गाव बेळगावपासून जवळच, गाडी फक्त मिस्टर चालवतात, मुलगा पुण्याला नोकरीला. मुलगी मागे लागलीय की आजकाल प्रत्येक मोठ्या माणसाला ड्रायव्हिंग यायलाच पाहिजे. खरंच पाहिजे का?

मी बेळगावात मोटर ट्रेनिंग स्कूल चालवतो. 'हो, सगळ्यांनी शिका' म्हटलं तर फायदा माझाच आहे. तरीपण माझं उत्तर 'नाही' असंच आहे. प्रत्येक माणसाला आलंच पाहिजे असं काही नाही. प्रत्येक घरात दोघांना आलं पाहिजे, आणि ते दोघे रोज रात्री त्याच घरात झोपणारे पाहिजेत. पुण्याचा मुलगा या हिशेबात धरायचा नाही. तुमच्या घरात आत्ता एकच ड्रायव्हर आहे, म्हणून तुम्ही शिका. शेजारच्या घरात सून आणि मुलगा दोघेही चालवत असतील, तर तिथल्या सासूबाईंनी हौस असली तरच शिकावं, नसली तर खुशाल मागच्या सीटवर बसावं.

आपल्याकडं चित्र काय दिसतं? कर्ज काढून गाडी घेतलेली असते, दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते, आणि चावी एकाच्याच खिशात. पोरं पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर गोव्यात. मग कधीतरी छातीत कळ येते ती नेमकी त्या एकट्या चालवणाऱ्याच्याच. १०८ ला फोन लावायचा तो सगळ्यात आधी, यात वाद नाही. पण कणकुंबीहून बेळगाव चाळीस किलोमीटरच्या वर आहे, वाटेत जंगल, पावसाळ्यात समोरचं दिसत नाही असं धुकं. तिथं अँब्युलन्स येईपर्यंत वाट बघायची का आपणच निघून वाटेत तिला गाठायचं, हा निर्णय घ्यायची मुभा दुसरा ड्रायव्हर असलेल्या घरालाच असते. नाहीतर दुखणाऱ्या छातीनं तोच माणूस स्टिअरिंगवर बसतो. असं झालेली घरं आमच्याकडं नंतर शिकायला येतात.

अर्थात, आजारपण हे सांगायचं कारण असतं. बायका 'अडीअडचणीला असावं म्हणून शिकतोय' म्हणत येतात आणि लायसन हातात पडलं की पहिल्यांदा जातात माहेरी. मला यात काही वावगं वाटत नाही. आपल्या भागात निम्म्या सुनांचं माहेर चंदगडकडं, गडहिंग्लजकडं, म्हणजे दुसऱ्या राज्यात. इकडची बस, तिकडची लाल एसटी, मध्ये कुठंतरी थांबा. आणि सीमेवरून काही पेटलं की पहिल्यांदा बंद होतात त्या बस. २०२२ च्या डिसेंबरात झालं, २०२५ च्या फेब्रुवारीत परत झालं. (तशा दिवसांत खासगी गाडी घेऊन पलीकडं जाणंही शहाणपणाचं नसतं, ते वेगळं.)

'आता बस फुकट झालीय, मग शिकायचं कशाला?' हेही मी फार ऐकतो. २०२३ च्या ११ जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसनं राज्यात तिकीट नाही. चांगली योजना आहे. बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला जाणाऱ्या किती बायकांचे पैसे वाचले ते रोजच्या गर्दीत दिसतंच. रोजच्या कामाला बसच बरी, हे मी ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस सांगतो. गणपत गल्लीत नाहीतर खडे बाजारात गाडी घेऊन जायची आणि लावायला जागा शोधत तीन चकरा मारायच्या, याला काय अर्थ आहे? पण बस तिच्या वेळेला येते, तुमच्या नाही. रात्री शेवटची गाडी गेली की फुकट असून उपयोग काय?

आता कुणी शिकू नये ते सांगतो, कारण 'प्रत्येकानं' म्हणणारे हे विसरतात. लायसनच्या अर्जासोबत तब्येतीचं एक स्वतःचं निवेदन द्यावं लागतं. फिट येतात का, रात्री दिसायला त्रास होतो का, उजेडात २५ मीटरवरची गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, असलं त्यात विचारलेलं असतं. लोक न वाचता सही करतात. वयाची चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट वेगळं लागतं, आणि तेही लोक डॉक्टरला तोंड न दाखवता आणायला बघतात. नंबरप्लेटचं तरी घरच्या घरी करून बघा. अंगणात उभं राहून रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर वाचा. चष्मा लावूनही वाचता येत नसेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. आणि संध्याकाळ झाली की ज्याचा हात बाटलीकडं जातो, त्याला गाडी येणं हे घरच्यांना संकटच. असल्या घरात तर दुसऱ्या माणसाला आलंच पाहिजे.

बाकी 'मला जमणार नाही' हे कारण मी धरत नाही. भीती असते ती एका ठरावीक जागी असते, ती कुठं आहे ते मला माहीत आहे. शहापूरकडून गावात येताना कपिलेश्वर पुलाचा चढ. वर गाड्या तुंबलेल्या, आपण चढाच्या मधोमध थांबलेलो, मागं रिक्षा अगदी बंपरला चिकटून. मी मुद्दाम तिथंच नेतो.

वडगावच्या एक काकू होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. चढावर पुढची गाडी हलली, यांनी ब्रेकवरचा पाय काढला, गाडी मागं सरकली, मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. ट्रेनिंगच्या गाडीत आमच्याही पायाखाली ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळं तुम्ही रिक्षावर जाऊन आदळत नाही. मागनं हॉर्न सुरू. काकू म्हणाल्या, "सर, तुम्हीच घ्या की ओ, मागनं हॉर्न मारायलेत." मी म्हटलं, मारू देत, हॉर्ननं गाडीला पोचा येत नाही. हँडब्रेक ओढा. आता घाई न करता क्लच सोडत या आणि आवाज ऐका. इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट थोडं वर उचलल्यासारखं होतं, तिथंच पाय थांबवायचा. काकू कान देऊन बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "कुकरची शिटी यायच्या आधी होतंय तसं की ओ!" बरोबर तेच. मग जरा एक्सलेटर, हँडब्रेक खाली, आणि गाडी इंचभरही मागं न जाता पुढं निघाली. याला हाफ क्लच म्हणतात. पोरं हे पायानं शिकतात, चाळिशीनंतरची माणसं कानानं लवकर शिकतात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी या भानगडीत न पडता सरळ ऑटोमॅटिकवर शिकावं. 'खरी गाडी गिअरची' म्हणणारे लोक त्यांच्या घरी.

एक गोष्ट मात्र मी खरंच प्रत्येकाला सांगेन, गाडी शिको न शिको: रस्ता शिका. तुम्ही पायी चालता, स्कूटीच्या मागं बसता, बसमधून उतरता. ड्रायव्हरला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे माहीत नसलं तर जीव त्याच्या हातात. उसाचा हंगाम घ्या. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की संकेश्वर, निपाणी, चिकोडीकडच्या रस्त्यांवर रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. ऊस दोन्ही बाजूंनी फूट-फूट बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. समोरनं अप्परवर गाडी आली की डोळे दिपतात, आणि त्या दोन सेकंदांत पुढची ट्रॉली दिसतच नाही. म्हणून मी सांगतो, समोरच्या उजेडाकडं बघायचं नाही, रस्त्याच्या डाव्या कडेकडं बघायचं आणि वेग आधीच कमी करायचा. मागं बसणाऱ्यालाही हे माहीत असेल तर तो 'हळू घ्या' म्हणू शकतो. ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या देऊन काही होत नाही. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय कारखान्यानं वजनकाट्यावर घेऊच नये, असं माझं मत आहे.

घाटाचंही तसंच. चोर्ल्यातनं गोव्याला जाणारे पर्यटक उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवतात आणि वळणावळणाला ब्रेक दाबत बसतात. ब्रेक तापले की धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. आणि अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्याचा हक्क पहिला, उतरणाऱ्यानं थांबायचं. हा नियम आहे, उपकार नाही. बेळगावची भाजी घेऊन रोज गोव्याला जाणाऱ्या टेम्पोवाल्यांना हे पाठ असतं, वीकेंडच्या गाडीवाल्यांना नसतं.

अपघात दिसला तर थांबून मदत करायला लोक घाबरतात, पोलीस मागं लागतील म्हणून. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १३४अ आलं. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला भरता येत नाही. हे गाडी न चालवणाऱ्यालाही ठाऊक पाहिजे.

कागदपत्रांचं भराभर सांगतो. लर्निंग लायसन सहा महिने चालतं, ते काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. कर्नाटकात काढलेलं लायसन कोल्हापुरात चालतं का, हे इथं मला आठवड्याला कोणीतरी विचारतंच. चालतं, देशात सगळीकडं चालतं. गाडीचं पासिंग आणि टॅक्स ही वेगळी कटकट, तिचा लायसनशी संबंध नाही. साध्या कारच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचा मालवाहू टेम्पोसुद्धा चालवता येतो, असा सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. शेतीवाल्या घरात हे कामाचं आहे. आणि हो, घरात दहावी-बारावीची पोरं असतील तर त्यांच्या हातात स्कूटी देऊ नका. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं, आज रस्त्यावर फिरणाऱ्या स्कूटी त्याच्या कितीतरी वरच्या. पोरगं पकडलं गेलं तर आईबापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माझं 'प्रत्येक घरात दोघं' हे सूत्रही सगळीकडं लागू पडत नाही, हे मला कळतं. भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवळी, कोंगळा असल्या गावांत पावसाळ्यात गाडीच पोचत नाही, आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. तिथं आधी रस्ता आणि पूल पाहिजे. त्यांना 'ड्रायव्हिंग शिका' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ.

तुमचं मात्र तसं नाही. तुमच्याकडं गाडी आहे, रस्ता आहे. जूनमध्ये सुरू करू नका, पहिल्याच आठवड्यात पावसात वायपर आणि क्लच एकदम सांभाळायला लागला की माणूस शिकणंच सोडतं. पाऊस ओसरताना लर्निंग काढा, दसऱ्याच्या सुमाराला गाडीवर बसा, ऊस पुरता सुरू व्हायच्या आत हात बसतो. मिस्टर 'मीच शिकवतो' म्हणतील. त्यांना प्रेमानं नाही म्हणा. नवऱ्याकडं शिकायला बसलेल्या बायका भांडून आमच्याकडं येतात, आणि मग आम्हाला आधी चुकीच्या सवयी मोडायला लागतात.

लायसन आल्यावरची गोष्ट जास्त महत्त्वाची. आरटीओच्या मैदानात आठ काढून लायसन मिळतं, आणि मग वर्षभर गाडीला हात लागत नाही, अशा कितीतरी जणी परत फी भरून येतात. मला चालेल, तुम्हाला परवडणार नाही. म्हणून घरात आधीच ठरवून घ्या: रविवारी बेळगावला जायचं असेल तर जाताना गाडी तुम्ही चालवायची, मिस्टरांनी शेजारी बसायचं, आणि पूल उतरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.