परतीचा रस्ता विकू नका

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी विज्ञान शाखेतून ७४ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाला. सीईटीला बसला, पण अभ्यास केला नाही. आता म्हणतो, गावी आजीजवळ राहीन, आमची तीन एकर कोरडवाहू जमीन कसेन आणि गाणी लिहीन. मोबाइल त्याने स्वतःहून बंद करून ठेवला आहे. अनवाणी फिरतो, पहाटे ओढ्याकाठी जाऊन बसतो, स्वतःशीच गुणगुणतो. विचारले की कवी ना. धों. महानोरांचे नाव सांगतो. नातेवाईक हसतात. त्या गावातून बाहेर पडण्यासाठी मी काय काय सोसले ते माझे मला ठाऊक. त्याची गाण्यांची वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. त्यातले एक पान आपल्याला कल्पना यावी म्हणून सोबत जोडतो. जमीन विकून व्यवस्थापन कोट्यातून अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावा, म्हणजे त्याला परतीचा रस्ताच राहणार नाही, असे माझ्या मनात आहे. त्याची आई मात्र त्याला पाठीशी घालते. त्याला ताळ्यावर आणण्यासाठी कोणती शाखा योग्य ठरेल?
— एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. गुण, शाखा आणि प्रवेश हे विषय मी शेवटी घेईन, कारण त्यांना फारशी जागा लागणार नाही. आपले पत्र वाचताना मी अडलो ते एकाच वाक्यापाशी. जमीन विकली की मुलाला ‘परतीचा रस्ताच राहणार नाही’, असे आपण लिहिले आहे. मुलांच्या शुल्कासाठी पोटाला चिमटा काढून जमिनीचा तुकडा विकणारे आईवडील मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आपण शुल्कासाठी जमीन विकत नाही. मुलाने जिथे पाय रोवायचे ठरवले आहे ती जागाच त्याच्या पायाखालून काढून घ्यावी म्हणून विकत आहात, आणि शुल्क हे त्याचे निमित्त आहे. मी हे स्पष्ट लिहितो आहे, कारण हा व्यवहार एकदा झाला की तो कोणत्याही समुपदेशकाला उलटवता येणार नाही.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला, काही अपवाद आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वगळता, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे पाच-सात वर्षांनी मुलाचा निर्धार तसाच टिकला, किंवा उद्या आपल्यालाच निवृत्तीनंतर गावी जावेसे वाटले, तर हातात पैसे असूनही जमीन घेताना आपल्याला आधी शेतकरी असल्याचा पुरावा शोधावा लागेल. शिवाय सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे, हे आपण लिहिलेले नाही. जमीन आपल्या आईच्या नावावर असेल तर तिच्या संमतीवाचून विक्रीचा विचारही करता येत नाही आणि वडिलोपार्जित असेल तर तिच्यात मुलाचाही हक्क असू शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय आणि आईशी बोलल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. आपल्या संपूर्ण पत्रात ज्यांच्या घरी हा मुलगा राहायला निघाला आहे त्या आजींचे मत एका शब्दानेही आलेले नाही, हे मला फार खटकले.

आता आपल्याविषयी. ‘मी काय काय सोसले ते माझे मला ठाऊक’, हे वाक्य आपण ओघात लिहून गेला आहात, पण माझ्या मते पत्राचे मर्म तेच आहे. ज्या माणसाने गाव सोडण्यासाठी उमेदीची वर्षे खर्च केली, त्याचाच मुलगा उलट दिशेने चालू लागतो, तेव्हा आपले सगळे कष्ट पुसले गेल्यासारखे त्या माणसाला वाटते. ही वेदना खरी आहे आणि तिची थट्टा कोणी करू नये. तरीही ती आपली वेदना आहे. मुलाने गावाकडे पाहिले तर त्याला दुष्काळ, कर्ज आणि अपमान दिसत नाहीत, कारण आपण त्याला त्यांच्यापासून दूर वाढवले. आपण गाव सोडले म्हणूनच आज तो गाव निवडू शकतो. ही आपली हार आहे, असे मला वाटत नाही. गाव सोडताना आपल्याला काय सोसावे लागले, हे आपण त्याला कधी बसवून सांगितले आहे का? माझा अंदाज आहे की नाही. बहुतेक घरांत या गोष्टी टोमण्यांतून सांगितल्या जातात, आणि टोमणा ऐकून कोणाला काही कळत नाही.

अनवाणी चालणे, पहाटे ओढ्याकाठी बसणे, गुणगुणणे आणि मोबाइल बंद ठेवणे या चार गोष्टींवरून आपण मुलाला ताळ्यावर नसलेला ठरवले आहे. या चारही गोष्टी विक्षिप्त वाटू शकतात; त्यांतली एकही आजार नाही. काळजी करावी अशी लक्षणे वेगळी असतात. झोप आणि भूक उडणे, आंघोळ-कपड्यांचे भान सुटणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा होणे, कोणाशीही न बोलणे, नसलेले आवाज ऐकू येणे किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणणे, यांपैकी काही दिसले तर एक दिवसही न दवडता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठी आहे. आपल्या पत्रात अशी खूण मला आढळली नाही. मात्र एखाद्या मुलाचे सर्वांत प्रिय असलेले काम कुलपात ठेवले, नातेवाइकांना त्याच्यावर हसू दिले आणि त्याची जमीन विकण्याची भाषा केली, तर अशी लक्षणे उद्भवायला वेळ लागत नाही.

आपण जोडलेले पान मी चार-पाच वेळा वाचले. सीईटीच्या सराव प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला त्याने विहिरीवरचे गाणे लिहिले आहे. ध्रुवपदाची ओळ आधी ‘पाणी गेलं खाली, बाई, पाणी गेलं खाली’ अशी होती. ‘खाली’ दोन्ही ठिकाणी खोडून त्याने ‘खोल’ केले आहे. आपल्याला ही खाडाखोड वाटली असेल. मला तिथे गीतकार दिसला. ‘खाली’ म्हटले की पाण्याची पातळी कळते, ‘खोल’ म्हटले की विहिरीत डोकावणारी बाई दिसते. शिवाय ओळीच्या शेवटी सूर लांबवायचा असेल तर गळ्याला ‘ओ’वर जेवढे मोकळे थांबता येते तेवढे ‘ई’वर थांबता येत नाही. त्याने ही ओळ गाऊन पाहिली असणार, त्याशिवाय हा बदल सुचत नाही. तो स्वतःशी गुणगुणतो अशी आपली तक्रार आहे. तो त्या वेळी शब्दांचे वजन तपासत असतो. त्याच पानावर दुसरा अंतरा मात्र कच्चा आहे. ओळीगणिक मात्रा बदलतात, ‘नक्षत्र’ हा शब्द नेमका ठेका पडतो तिथे अडखळतो आणि शेवटच्या दोन ओळी केवळ यमकासाठी आल्या आहेत. सतरा-अठराव्या वर्षी हे दोष असायचेच. ते शिकून जातात, आणि म्हणूनच मुलाशीही मला थोडे कठोर बोलायचे आहे. पुढचा मजकूर त्याला वाचायला द्यावा.

निसर्गाच्या कुशीत साधेपणाने राहिले की गाणी आपोआप सुचतात, हा तुझा समज चुकीचा आहे. तू महानोरांचे नाव घेतोस आणि महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षानंतर शिक्षण सोडून ते अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेड्याला परतले, एवढेच सांगतोस. त्यानंतरचे सांगत नाहीस. ते रानात फिरायला गेले नव्हते, शेती करायला गेले होते. त्यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ साली आला आणि त्यांची गाणी असलेला ‘जैत रे जैत’ हा चित्रपट १९७७ साली. मधल्या दहा वर्षांत १९७२ चा दुष्काळही येऊन गेला. त्यांच्या शब्दांत पिकाचा, पावसाचा आणि मातीचा जो तपशील आहे तो कसणाऱ्या माणसाचा तपशील आहे. त्यांच्या आधीच्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी ही बाई शेतात आणि घरात राबताना, जात्यावर बसून ओव्या रचत होती. त्या घरातल्यांनी उतरवून घेतल्या आणि त्यांचे पुस्तक तिच्या निधनानंतर, १९५२ साली निघाले. या दोघांच्याही जगण्याला आपण दुरून साधेपणा म्हणतो, पण जवळून पाहिले तर तिथे अखंड काम आहे. ओढ्याकाठी बसणे हा त्या कामातला विसावा असतो. तू फक्त विसाव्याची योजना केली आहेस. कोरडवाहू तीन एकरांत काय पेरणार, बियाणे कोठून आणणार, पेरणीनंतर पावसाने ताण दिला तर दुबार पेरणीला पैसा कोणाचा, याचे उत्तर तुझ्याजवळ असले पाहिजे. ते नसेल तर तुझा साधेपणा आजीच्या जिवावर चालेल, आणि तसे चाललेले तुलाही आवडणार नाही.

मोबाइलविषयीही एक सांगतो. दिवसभर तो बंद ठेवलास तर उत्तमच, परंतु गाणे ही एकट्याची कला नाही. संगीतकार आधी चाल देतो आणि तिच्यावर शब्द बसवायचे असतात, असे अनेकदा घडते. दुसऱ्याच्या चालीवर, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या प्रसंगासाठी लिहिण्याची सवय रानात एकट्याने बसून लागत नाही. तालुक्याच्या गावातले भजनी मंडळ, कलापथक, शाळेचे स्नेहसंमेलन, जिथे कोणी गात असेल तिथे जाऊन त्यांच्यासाठी लिही आणि आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडी कुठे अडतो ते ऐक. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असतील तर त्या जशाच्या तशा उतरवून घे. मात्रांचे तेवढे चांगले शिक्षण कोणत्याही वर्गात मिळणार नाही.

आता पुन्हा आपल्याकडे वळतो. गाण्यांवर पोट भरत नाही, अशी आपली भीती असेल तर ती बऱ्याच अंशी बरोबर आहे. केवळ गीतलेखनावर घर चालवणारे लोक फार थोडे असतात. जगदीश खेबूडकर शिक्षक होते, शांता शेळके प्राध्यापक होत्या, आणि त्यामुळे त्यांची गाणी उणी झाली नाहीत. पण गाणे एकदा विकले की त्यातून पुढे काहीच मिळत नाही, ही समजूत आता कायद्याला धरून नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वा ध्वनिमुद्रिकेत घेतलेल्या गीताच्या पुढील वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा गीतकाराला मिळायला हवा, आणि चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता हा हक्क आपले वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकण्याचा करार त्याला करता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून अस्तित्वात आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असे मानले जाते. नवोदित गीतकार यातले काहीही न वाचता, नाव छापून येणार या आनंदात सह्या करतात. आपण व्यवहार जाणणारे गृहस्थ आहात. मुलाच्या पहिल्या करारावर सही होण्यापूर्वी तो ओळीओळीने वाचणारा माणूस त्याच्या शेजारी हवा आहे आणि ते काम आईपेक्षा आपल्याला अधिक चांगले जमेल.

प्रवेशाचे थोडक्यात : अभियांत्रिकी नको, सीईटीचे गुण पुरत असतील तर राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत बी.एस्सी. कृषी, आणि दापोलीला वनशास्त्रही आहे. नाहीतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून, गावी राहूनच, मराठी घेऊन बी.ए.

माझा स्वतःचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. या मृगापासून पुढच्या मृगापर्यंत त्याला गावी राहू द्यावे. मुक्त विद्यापीठाची परीक्षा त्याने द्यावी, शेतीचा जमाखर्च स्वतःच्या हाताने लिहावा, आणि घरून मिळणारे पैसे किती व कधीपर्यंत हे आपण दोघांनी आधीच कागदावर ठरवावे. महिन्यातून एकदा आपण तिथे मुक्कामाला जावे. त्या मुक्कामात गुण, नोकरी आणि नातेवाईक यांचा विषय काढू नये. त्याला आपले जुने दिवस सांगावेत, कोणत्या बांधावरून आपण शाळेला जात होता ते प्रत्यक्ष चालून दाखवावे. वर्षाअखेरी त्याला स्वतःलाच शेती झेपणार नाही असे वाटू शकते, आणि तेव्हा तो संकोच न करता आपल्याकडे येऊन कृषी पदवी किंवा आणखी काही मागेल. परतीचा रस्ता त्या दिशेनेही लागतो, म्हणून तो कोणत्याच बाजूने बंद करू नये.

वही मात्र वर्षाची वाट पाहत ठेवू नका. हे उत्तर वाचून झाले की कुलूप काढा आणि ती आपल्या हाताने त्याला द्या. मला पाठवलेले पान मी वेगळ्या टपालाने परत करत आहे; ते विहिरीच्या गाण्याचे आहे, त्याच्या जागी लावून ठेवायला सांगा.