मळ्यातला भाव आणि मुंबईतला भाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तू परदेशातून फुलं आणून विकणार, त्यासाठी आलेलं केनियातल्या नैवाशाच्या फुलमळ्याचं कोटेशन वाचलं. भाव बरा आहे, पण तो तिकडच्या दारातला. तू विकणार मुंबईत, आणि मधला प्रवास त्या कागदावर नाही.

आधी विमानाचं भाडं बघ. फुलं हलकी, खोका अवाढव्य, म्हणून एअरलाइन आकाराचं वजन लावते: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० नी भागायचं. १०० बाय ४० बाय ३० चा खोका २० किलोचा धरला जातो. काट्यावर १४ भरला तरी पैसे २० चेच. म्हणून एका खोक्यात किती दांड्या बसतात, हे दांडीच्या भावाइतकंच खोदून विचार.

सीमाशुल्क मुळातच ६० टक्के, वर अधिभार. ते लावताना किमतीत भाडंही धरतात, मात्र विमानाचं भाडं एफओबी किमतीच्या (म्हणजे तिकडे विमानात चढवेपर्यंतच्या मालाच्या किमतीच्या) २० टक्क्यांपलीकडे धरता येत नाही. पहिल्याच भेटीत सीएचएला, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटाला, हे विचार. गडी किती पाण्यात आहे ते लगेच कळेल.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नंबर, घरबसल्या मिळतो, त्याचं एवढं कौतुक नको. गाडं अडतं ते प्लांट क्वारंटाइनला, म्हणजे मालातून कीड-रोग येत नाहीत ना, या सरकारी तपासणीला. तुझं फूल त्या देशातून आणायला आयात-परवाना लागतो का, ते ऑर्डरआधी तपास. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची (माल कीडमुक्त असल्याच्या तिकडच्या सरकारी दाखल्याची) प्रत माल उडण्याआधी मागव आणि फुलाचं शास्त्रीय नाव अक्षरन् अक्षर ताडून बघ. जिवंत कीड सापडली तर मालाला कीडनाशक वायूची धुरी देतात. धुरी दिलेलं फूल मग फार दिवस टिकत नाही. शनिवार-रविवारी माल उतरवू नकोस.

खोका आला की कॅमेरा चालू ठेवूनच उघड, नुकसानभरपाई मागताना तेच कामी येतं. हात थेट मधल्या जुडीत घाल. कडेच्या जुड्या गार आणि मधली कोमट लागली, तर वाटेत कुठेतरी माल उन्हात पडून होता. गुलाबाची बाहेरची पाकळी वर करून खाली तपकिरी ठिपके आहेत का बघ. ती बुरशी, फ्रीजमध्येही ती वाढत राहते. गुलाब २ ते ४ अंशांत ठेव, पण थायलंडचं ऑर्किड नि अँथुरियम त्या खोलीत नको, थंडीने काळवंडतात. आणि त्याच फ्रीजमध्ये आंबे-केळी ठेवणाऱ्या पोऱ्याला वेळीच आवर. पिकत्या फळांच्या वायूने कार्नेशन मिटून जातं.

आता माझं मत. लाल गुलाब बाहेरून आणूच नकोस. तळेगाव-मावळातून तोच गुलाब व्हॅलेंटाइनला युरोपात जातो, आणि फेब्रुवारीत जगभर भाव चढलेले असतात. ट्यूलिप, हायड्रेंजिया आण. तेही पहिल्या लग्नसराईत मुंबईतल्याच एखाद्या आयातदाराकडून घे. कोणतं फूल खपतं, किती फेकावं लागतं, ते वहीत लिही. फेकलेल्या दांड्यांचा खर्च उरलेल्यांवर चढवूनच भाव काढ.

नैवाशावाल्याला खोक्याची मापं विचार आणि मला कळव.

तुझा,
काका