एकटा अंपायर, चार बेस

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचो, आता सुट्टीच्या दिवशी शाळांच्या मॅचेसना अंपायरिंग करतो. बहुतेक वेळा एकटाच असतो, दुसरा अंपायर मिळतच नाही. मागच्या महिन्यात ठाण्यात मुलींच्या मॅचला फर्स्टवर रनर होती, बॉल राइट फिल्डला गेला, मी थर्डवरचा टॅग (बॉल धरलेला ग्लोव्ह रनरला लावणं) बघत होतो आणि मग समोरच्या टीमने अपील केलं की बॅटरचा फर्स्ट बेसला पायच लागला नाही. मी बघितलंच नव्हतं, सेफ दिलं, तर पालक अंगावर आले. प्लेटमागे (बॅटर जिथे उभी असते त्या होम बेसमागे) उभं राहून एकट्याने चारही बेस कसे बघायचे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही सेफ दिलंत ते बरोबरच केलंत, हे आधी सांगते. बेस चुकला हे अंपायरने स्वतः बघितलं असेल तरच अपीलवर आउट देता येतो, समोरचे सर कितीही ठामपणे सांगू देत. न बघता आउट दिला असतात तर त्या मुलीवर अन्याय झाला असता.

पण तुमच्या पत्रातलं 'प्लेटमागे उभं राहून' मला खटकलं. एकटे असाल तर पिच, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल, प्लेटमागूनच बघायची, पण बॉल बॅटला लागला की तिथे थांबायचं नाही, कॅचरच्या डाव्या बाजूने बाहेर पडून इनफिल्डमध्ये, म्हणजे चार बेसच्या मधल्या भागात, शिरायचं. मात्र लाइनजवळ उडालेला बॉल असेल तर आधी लाइनवरच थांबून फेअर की फाउल (लाइनच्या आत की बाहेर) ते बघा, तो निर्णय दुसरं कोणी देणार नाहीये. बेस 60 फुटांवर असतात, शाळेतली मुलगी तीन-चार सेकंदांत फर्स्टला पोचते आणि राइट फिल्डवरून थर्डला थ्रो यायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणजे आत पळता पळता फर्स्टवर तिचा पाय पडताना एक नजर टाकायची आणि मग मान थर्डकडे वळवायची, एवढा वेळ मिळतो. सुरुवातीला चुकेल, पण दहा-बारा मॅचेसमध्ये अंगवळणी पडतं. टॅगच्या अगदी जवळ पोचायची धडपड करू नका, बाजूने बघितलं की लांबूनही ग्लोव्ह आणि पाय यांच्यामधली फट दिसते. आणि पळत पळत निर्णय देऊ नका, बॉल पोचायच्या आत थांबा, मान स्थिर ठेवा. सेकंडवर रनर असेल तर मात्र फार आत जाऊ नका कारण पुढचा प्ले होमलाच होऊ शकतो आणि तिथे परत पोचायलाही तुम्ही एकटेच.

खरी अडचण आहे ती बेस लवकर सोडण्याची. बॉल पिचरच्या हातातून सुटायच्या आत रनरने बेस सोडला तर डेड बॉल (खेळ तिथेच थांबतो) आणि रनर आउट, पण त्याच क्षणी तुमची नजर पिचवर हवी. सेकंडचा रनर पिचरच्या मागे समोरच दिसतो, फर्स्ट आणि थर्डचे डोळ्यांच्या कडेला. स्पष्ट दिसलं तरच आउट द्या. हे मी मॅचच्या आधी दोन्ही टीमच्या सरांना बोलावून सरळ सांगते की मी एकटी आहे, जे दिसेल तेच देणार. आधी सांगितलं की नंतरचा आरडाओरडा बराच कमी होतो. आणि निर्णयासाठी स्कोअररला किंवा कुठल्या पालकांना कधीच विचारू नका, एकदा विचारलंत की पुढच्या प्रत्येक प्लेला सगळा डगआउट (बाहेर बसलेली टीम) मत देणार.

प्रत्येक पिचआधी इंडिकेटरवर (हातातल्या मोजणीच्या यंत्रावर) आउट किती ते बघा. फर्स्ट-सेकंडवर किंवा तिन्ही बेसवर रनर आणि दोनपेक्षा कमी आउट असतील तर इनफिल्ड फ्लायचा नियम (इनफिल्डरला सहज झेलता येईल असा उंच फेअर बॉल, कॅच सुटला तरी बॅटर आउट) आधीच डोक्यात हवा, उंच बॉल गेल्यावर आठवून उपयोग नाही.

आणि आयोजकांशी बोला. दुसऱ्या अंपायरचं मानधन परवडत नसेल तर ज्याची शाळा त्या मॅचमध्ये नाही असा एखादा सिनियर खेळाडू मागून घ्या, मॅचच्या आधी अर्धा तास त्याला समजवा आणि फक्त फर्स्ट बेस त्याच्याकडे द्या. ऐरोली, वाशी, नेरुळला कॉलेजची खेळणारी मुलं-मुली शोधलीत तर मिळतील.