घानात परदेशी माणसाला 'चीफ' करतात ते पद खरं असतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मामांना कुमासीजवळच्या एका गावाने 'न्कोसुओहेने' केलं आणि घरात सगळे विचारतायत की हे खरं पद आहे की नुसता शाल-नारळ. मी कुमासीत चार वर्षं नोकरीला होतो म्हणून सांगतो, पद खरं आहे, पण ते राजेपद नाही.

कुमासीच्या भागातल्या असांते लोकांत पद म्हणजे स्टूल, लाकडाचं कोरीव आसन. आपण गादी म्हणतो ना तसंच, स्टूलवर बसवतात आणि नीट वागला नाही तर उतरवतातही, पायातल्या चपला काढून घेतात, कारण चीफचा पाय उघड्या जमिनीला लागता कामा नये. जुनी स्टुलं घराण्याची असतात आणि घराणं आईकडून मोजतात, म्हणजे मामानंतर मुलगा नाही तर भाचा, आणि नाव सुचवते राणीमाता. तिचा मान बघून मला खरंच फार भारी वाटायचं.

सगळ्यात वरचं सोन्याचं स्टूल, सिका द्वा कोफी. त्यावर खुद्द असांतेहेने, म्हणजे राजाही बसत नाही, अख्ख्या लोकांचा आत्मा त्यात आहे असं मानतात. १९०० मध्ये ब्रिटिश गव्हर्नर हॉजसनने 'ते स्टूल मला बसायला का आणलं नाही?' असं भर सभेत विचारलं, राजा प्रेंपे तर आधीच कैदेत, तेव्हा एजिसू गावच्या राणीमाता, नाव 'या असांतेवा', लढायला उभ्या राहिल्या. लढाई हरल्या, सेशेल्सला पाठवलं, तिथेच १९२१ मध्ये गेल्या, पण स्टूल काही इंग्रजांच्या हाती लागलं नाही!

न्कोसुओहेने त्यामानाने नवीन, १९८५ मध्ये तेव्हाचे असांतेहेने ओपोकू वारे दुसरे यांनी सुरू केलं. न्कोसुओ म्हणजे प्रगती. गावासाठी काम करणाऱ्या माणसाला देतात, बाहेरचा असला तरी चालतं, मागे घराणं लागत नाही, म्हणून भाच्याला म्हणजे तुम्हाला ते आपोआप मिळणार नाही. पण गाव ते मनापासून देतं आणि मनापासून अपेक्षाही ठेवतं, शाळेची खोली, बोअर, दवाखान्याचं छप्पर. मामांना सांगा झेपेल तेवढंच कबूल करा आणि सणाला बोलावलं की जा, न जाणं फार मनाला लागतं तिकडे. आणि घरी 'राजा' म्हणू नका, 'नाना' म्हणा, तिथे चीफला असंच म्हणतात, आजी-आजोबांनाही तोच शब्द.