रुंद नट, छोटी बॉडी, कटअवे, पिकअप आणि बाजूला खिडकी नको: अशी अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार मिळेल का?

तुम्ही विचारून राहिले की छोटी बॉडी, कटअवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून बॉडीला दिलेला काप), सॉलिड टॉप (पुढची फळी अख्ख्या लाकडाची, प्लायची नाही), ४४.५ मिमीचा नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी), स्टेजसाठी पिकअप (तारांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा), पण बाजूच्या लाकडात प्रीअँपची (पिकअपचा आवाज वाढवायच्या डबीची) खिडकी कापलेली नको, आणि हे सगळं ४० हजारांत, तर कोणती घ्यावी. भाऊ, हीच यादी खिशात घेऊन मी दोन वर्षं फिरलो. यवतमाळ, अमरावती, नागपूरची सीताबर्डी, पुण्या-मुंबईच्या दुकानांना फोन, सगळं केलं. तयार नाही मिळत. पण यातली एक अट सोडली की बाकी सगळं जमते, आणि सोडायची अट म्हणजे कटअवे.

काऊन ते सांगतो. बाजारात कटअवे आणि बाजूचा प्रीअँप ही जोडीच येते, ज्याला कटअवे पाहिजे तो स्टेजवर वाजवणार असं कंपन्या धरून चालतात, त्यामुळे या बजेटमध्ये नुसता कटअवे आणि लाकूड न कापलेलं असं क्वचितच दिसते. यामाहाची एफएसएक्स८००सी पाहा, कॉन्सर्ट साईज, सॉलिड स्प्रूस टॉप, ट्यूनर, कटअवे, सगळं आहे आणि आवाजही गोड, पण नट ४३ मिमी आणि बाजूला खिडकी. फेंडरची सीसी-६०एससीई घ्या, तिथंही ४३ च्या आसपासच. टेलरमध्ये सुद्धा ११४सीई ला ४३ च्या जवळपासच नट आहे, ४४.५ पाहिजे तर ३१४सीई सारखी वरची गिटार घ्यावी लागते आणि तिची किंमत आपल्या हिशोबाबाहेरची.

दीड मिलिमीटरनं काय होते, असं मला तीन दुकानदारांनी म्हटलं. होते ना. मी कास्तकार माणूस, डवरणी-निंदणी करून बोटं जाड झाली, ओपन ए कॉर्डला दुसऱ्या फ्रेटमध्ये तीन बोटं एकाच रांगेत बसवायची तर ४३ वर शेजारची तार दबतेच. तुमची अडचण तीच दिसते म्हणून सांगतो, नटची अट अजिबात सोडू नका. नेकची रुंदी नंतर वाढवता येत नाही, पिकअप मात्र कोणत्याही दिवशी बसवता येतो. जे नंतर होणार नाही ते आधी पाहून घ्या.

कटअवे सोडायला जीवावर येते हे मला समजते. पण ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) या छोट्या बॉडीच्या साईजची गिटार पाहा. मार्टिन कंपनीनं ही साईज १९२९ मध्ये काढली, पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवाल्यानं वरचे फ्रेट जास्त मोकळे मागितले म्हणून. तोवर गिटारीची नेक बहुतेक १२ व्या फ्रेटला बॉडीला मिळायची, ओएम मध्ये ती १४ व्याला मिळते. मी भीमगीतांच्या पार्टीत वाजवतो, बहुतेक काम कॅपो (नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावून रिदमचं, मधे मधे बाराव्या फ्रेटपर्यंत एखादी ओळ, त्यासाठी १४ फ्रेट भरपूर झाले. तुम्ही पंधराव्याच्या वर सोलो वाजवत असाल तर गोष्ट वेगळी, मग खिडकी मान्य करा.

ओएमला ४४.५ चा नट बऱ्याच कंपन्या देतात, पण सगळ्या नाही, म्हणून जाहिरातीवर भरवसा ठेवू नका. दुकानदाराला नटवर व्हर्निअर लावून फोटो पाठवायला सांगा. सॉलिड टॉपचंही तसंच, नुसतं स्प्रूस टॉप लिहिलं असेल तर ते प्लाय समजा. साउंडहोलची कड जवळून पाहिली की कळते, वरच्या रेघा तशाच सरळ आत जाडीत उतरल्या तर सॉलिड, थर दिसले तर नाही.

खिडकी नको म्हणता ते मला पटलं. माझ्या आधीच्या गिटारीचा प्रीअँप सहा वर्षांनी गेला, त्या मापाचा दुसरा कुठं मिळाला नाही, आणि लाकडातलं भोक तसंच राहिलं. आता माझ्या ओएमला सॅडलखाली (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीखाली) पायझो पिकअप आहे, फिशमन मॅट्रिक्स इन्फिनिटी, त्याचे व्हॉल्यूम-टोनचे चाक साउंडहोलच्या आत कडेला लागतात आणि जॅक मागं पट्ट्याच्या खुंटीच्या जागी. खुंटीचं भोक मोठं करावं लागते तेवढंच. सगळं मिळून चाळीसच्या आत बसलं, कारण पिकअप वापरलेला मिळाला.

बसवताना एक गोष्ट मात्र कारागिराच्या समोर उभं राहून करून घ्या, सॅडलचं बूड आणि खाचेचा तळ एकदम सपाट पाहिजे. माझ्या वेळी ते झालं नाही, बी तार स्पीकरमधून ऐकूच येईना, चार कार्यक्रम तसेच काढले. शेवटी काचेवर सँडपेपर ठेवून सॅडलचं बूड घासलं तेव्हा सहाही तारा सारख्या झाल्या.

आता आपल्याकडच्या पेंडॉलचं. सोळा बॉक्स लावलेले, मॉनिटर नाही, अशा ठिकाणी मोठ्या बॉडीची ड्रेडनॉट गिटार घुमतेच, खालचा १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सगळ्यात आधी फिरून येते. छोट्या बॉडीला ते कमी, आणि वर साउंडहोलचं रबरी झाकण लावा, त्याच्यासारखा स्वस्त उपाय नाही. चाक आत असल्यामुळे झाकण लावायच्या आधी आवाज सेट करून घ्या. आपला साउंडवाला माइकची वायरच देते, म्हणून सोबत पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटारीची वायर माइकच्या वायरला जोडणारा डबा) ठेवा ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला. जनरेटरवर घुंऽऽ येत असलं की ते बटण दाबून पाहा, बहुतेक वेळा जाते. सेल चौकोनी ९ व्होल्टचा लागते, तो खेड्यातल्या दुकानात सहसा मिळत नाही, दोन बॅगेत असू द्या. आणि वाजवणं झालं की जॅक उपसून ठेवा, जॅक लागलेला राहिला की प्रीअँप चालूच राहते आणि सेल उगाच उतरत राहते.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आपला उन्हाळा. सॉलिड टॉपला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हवा पार कोरडी होते, लाकूड आक्रसते, फ्रेटची टोकं बोटाला लागायला लागतात, मग टॉपला चीर जाते. गिटार केसमध्येच ठेवा, आत ओला स्पंज भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत. कुलरच्या तोंडासमोर कधीच नको, तिथं दिवसभर ओली हवा आणि लाइट गेली की एकदम कोरडी, हा झटका सगळ्यात वाईट. १४ एप्रिलचा कार्यक्रम रात्री असते पण सामान दुपारीच छोट्या हत्तीत भरते, बंद गाडीत उन्हात डिंक मऊ पडते, आमच्या पार्टीतल्या एका गिटारीचा ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायची लाकडी पट्टी) असाच उचकला. मी माझी केस मांडीवर घेऊन पुढं बसतो.

दुकानातून नटचं माप आलं की आकडा इथं टाका, आणि सोबत सॅडलजवळच्या पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर पण मोजून घ्या, तेही पाहावं लागेल.