चर्चा करावी

प्रिय पोरी,

नाला स्लॅबने झाकायच्या प्रस्तावावर तू लिहिलेल्या टिपणीच्या पानाचा फोटो मिळाला. समासातले साहेबांचे हिरव्या शाईतले दोन शब्द दिसले आणि तुझा निरोप वाचायच्या आधीच पुढचं सगळं कळलं. ‘चर्चा करावी.’

नोकरीत हे दोन शब्द मी किती फायलींवर पाहिले याची मोजदाद नाही. त्यानंतर काय होतं तेही तू लिहिलंच आहेस. केबिनमध्ये बोलावणं, चहा, ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे हो, पण आत्ता हा मुद्दा काढला तर निधी परत जाईल’, आणि निघताना हळूच, ते पान काढा आणि दुसरं लावा. दुसऱ्या पानावर एकच वाक्य हवं आहे : सल्लागारांचा प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या योग्य वाटतो. तू विचारतेस, सर, पान बदलू की राजीनामा देऊ?

पान बदलू नकोस. राजीनाम्याचं नंतर बोलू. लिहिलंयस ते तसंच राहू दे आणि त्याच्या खाली आणखी लिही.

नाल्यावर स्लॅब टाकून वर रस्ता आणि पार्किंग केलं की आतला गाळ कुणी काढत नाही, हे तुला मी सांगायला नको. चार पावसाळे तू चेंबरची झाकणं उघडून पाहिली आहेस. तुझा गोंधळ निराळाच आहे. तुला वाटतंय, काम होणारच आहे, मग माझ्या अर्ध्या पानाने काय फरक पडतो? हा प्रश्न मला फार चीड आणतो, कारण बावीस वर्षांपूर्वी मीही स्वतःला हाच विचारला होता आणि त्याचं उत्तर सोयीचं दिलं होतं.

आधी मुंबईचं बघ. जुन्या पर्जन्यवाहिन्यांची क्षमता धरलेली होती ताशी २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी असताना. रनऑफचा, म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक ०.५, म्हणजे पडलेल्या पावसातलं निम्मं पाणी जमिनीत मुरतं असं गृहीत. ज्या काळात ते धरलं तेव्हा ते चूक नसेलही. १९८५च्या पुरानंतर अभ्यास सुरू झाला आणि १९९३ला ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांच्या सुधारणेचा अहवाल आला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की आता ताशी ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरा. कर गुणाकार : तीव्रता दुप्पट, गुणांक दुप्पट. तेवढ्याच जमिनीवरून चौपट पाणी. हे कुणाचं मत नव्हतं, हिशेब होता. अहवाल बारा वर्षं बहुतांशी पडून राहिला. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३.

तू म्हणशील, बघा, लिहून काय उपयोग झाला? थांब. पहिली गोष्ट, त्या दुपारचा पाऊस ताशी ५० मिलिमीटरलाही जुमानणारा नव्हता, तेव्हा सगळा अहवाल अमलात आला असता तरी शहर कोरडं राहिलं असतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, तेव्हा ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय कुणालाच उरली नव्हती. १९९३चा कागद टेबलावर होता. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्हची पंपिंग स्टेशनं उभी राहिली ती त्याच कागदाच्या आधाराने. तो कागद लिहिणाऱ्यांपैकी कितीजण तोवर निवृत्त झाले असतील कोण जाणे. पण त्यांनी लिहून ठेवलं होतं.

लिहून ठेव. आकड्यानिशी लिहून ठेव. बाकी या पत्रातलं सगळं विसरलीस तरी चालेल.

आता माझं. हे तुला कधी सांगितलं नाही. तू माझ्या हाताखाली शिकत होतीस तेव्हा मीच तुला टिपणी कशी लिहायची ते दाखवत होतो, तेव्हा सांगायची लाज वाटली. मी उपअभियंता असताना एका रस्तारुंदीत नाल्यावर बॉक्स मोरी होती. सल्लागारांच्या नकाशात दोन गाळे, म्हणजे पाणी जायला दोन कप्पे. माझ्या हिशेबात तीन लागत होते. मी वहीत गणित केलं आणि साहेबांना जाऊन सांगितलं. तोंडी. साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, तिसरा गाळा घेतला तर प्राक्कलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, सुधारित करावं लागेल, प्रशासकीय मान्यता पुन्हा घ्यावी लागेल, वर्ष जाईल. ‘चर्चा झाली ना आपली? मग झालं.’ मी सही केली. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री पाणी मोरीच्या तोंडाशी तुंबलं आणि मागच्या वस्तीत छातीएवढं चढलं. माणसं वाचली, घरं नाही वाचली. चौकशी झाली. फाइल उघडली तेव्हा तिच्यात माझं गणित नव्हतं, तीन गाळे नव्हते, चर्चासुद्धा नव्हती. होती ती माझी सही आणि तिच्यावर ‘तांत्रिकदृष्ट्या योग्य’. वही घरी कपाटात होती. ती घेऊन गेलो तर अधिकारी म्हणाले, ही काल लिहिली नाही कशावरून?

मी त्या वेळी का गप्प बसलो? बदलीचं वर्ष होतं, आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि तिसरा गाळा मागितला तर ठेकेदाराशी संधान आहे असं म्हणणारेही होते. ही कारणं खोटी नाहीत. तू माझ्या जागी असतीस तर तूही कदाचित… नको. जाऊ दे. एवढी वर्षं ही कारणं मी स्वतःलाच ऐकवत आलोय आणि अजून ती मला पुरत नाहीत.

म्हणून आपल्या लोकांचं रडगाणं ऐकलं की माझा तोल जातो. दर १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालायचा आणि भाषणं ठोकायची : योजना दिल्लीत ठरतात, सल्लागार परगावचे, अभियंत्याला कुणी विचारत नाही. खरं आहे, नाकारत नाही. २०१५ला स्मार्ट सिटी अभियान आलं तेव्हा प्रत्येक शहरासाठी वेगळी कंपनी काढली आणि महापालिकेचा अभियंता बाजूला पडला. शहराचा एक तुकडा निवडा म्हणाले, रेट्रोफिटिंग, म्हणजे आहे त्या वस्तीची सुधारणा, असेल तर किमान ५०० एकर. म्हणजे साधारण दोनशे हेक्टर. पाणी त्या रेषेवर थांबून कंपनीची हद्द विचारतं का? वरचा पाणलोट हद्दीबाहेर, नदीला मिळणारं तोंड हद्दीबाहेर, आणि मधल्या पट्ट्यात सुंदर पदपथ. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२०ला पाडावा लागला, मेट्रो आणि नवा दुमजली पूल यायचा होता म्हणून. असे दाखले हवे तेवढे देता येतील. पण भाषण ठोकणाऱ्या त्या प्रत्येकाला मला एकच विचारावंसं वाटतं : तुमच्या टेबलावरून ती फाइल गेली तेव्हा तुम्ही काय लिहिलंत? मला कुणी विचारलं नाही म्हणता, पण अभिप्रायाचा रकाना तर होता. त्यात काय लिहिलंत?

तुझ्या टिपणीबद्दल थोडं कडू बोलतो. दुसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंयस, ‘सदर प्रस्ताव पर्यावरणाच्या दृष्टीने अयोग्य व अव्यवहार्य वाटतो.’ हे खोड. ‘वाटतो’ला कुणीही ‘मला नाही वाटत’ म्हणू शकतं आणि तुझ्यापेक्षा त्याची खुर्ची मोठी आहे. त्याऐवजी लिही की सल्लागारांनी पावसाची तीव्रता किती धरली, कोणत्या केंद्राच्या नोंदींवरून धरली, त्या नोंदी कुठल्या वर्षी संपतात. इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे नाल्याच्या तळाची पातळी, काय आहे आणि नदीची निळी रेषा काय आहे. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर. नाल्याचं तोंड त्या पातळीखाली असेल तर पुराच्या दिवशी नाला नदीत जाणार नाही, नदीच नाल्यातून वस्तीत येईल, स्लॅब कितीही जाड टाका. हे एका ओळीत, दोन पातळ्या देऊन लिहिता येतं. पाहिजे तर नदीवाल्या खात्याकडून पातळी लेखी मागव आणि ते पत्रही फाइलला लाव.

आणि पर्याय दे. नुसता नकार देणारा अभियंता मला आवडत नाही, कमिशनरला तर नाहीच. नाला उघडा ठेवून दोन्ही काठांना भिंत आणि गाळ काढायला उतार असं केलं तर खर्च किती येतो, याचं ढोबळ प्राक्कलन एका पानात जोड. जिल्हा दरसूची तुझ्याकडे आहे, संध्याकाळभराचं काम आहे.

चर्चेला जरूर जा. नम्रपणे जा, चहा घे. बाहेर आलीस की त्याच दिवशी टिपणीवर लिही : ‘मा. महोदयांशी चर्चा झाली. निधीच्या मुदतीचा मुद्दा समजून घेतला. वरील तांत्रिक मुद्दे कायम आहेत. पुढील आदेशार्थ सादर.’ हा उद्धटपणा नव्हे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांतसुद्धा आहे की तोंडी आदेश टाळता आला नाही तर वरिष्ठाने नंतर लगेच तो लेखी करावा आणि कनिष्ठानेही तसं मागून घ्यावं. त्यावर साहेबांनी ‘प्रस्ताव मान्य’ लिहिलं तर तो त्यांचा अधिकार. काम सुरू झालं की तू साइटवर उभं राहून ते चोख करून घ्यायचं. यात मला विसंगती दिसत नाही. तुझं काम योजना थांबवायचं नाही, तिची किंमत कागदावर आणायचं आहे. निर्णय घेणाऱ्याने ती किंमत बघून सही करावी, एवढंच.

आणि २००५च्या माहिती अधिकारापासून टिपणीचं पानही कुणी मागू शकतं, हे साहेबांना ठाऊक आहे. म्हणून तर चर्चा हवी असते.

राहिला राजीनामा. तुझी मैत्रीण सल्लागार कंपनीत गेली, दुप्पट पगार घेते, ठीक आहे. जायचं तर जा, मी अडवणारा कोण. पण ही फाइल अर्धवट टाकून, पान बदलून, मग ‘सिस्टीम सडलेली आहे’ म्हणत गेलीस तर माझ्याकडे शिफारसपत्र मागू नकोस. हे जरा जास्त झालं का? असेल. निवृत्तीनंतर मी आमच्या शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घेतली होती, अकरा पानांची, नकाशांसह. सुनावणीत चार मिनिटं मिळाली. शेजारी बसलेल्याने विचारलं, काका, एवढं कळत होतं तर नोकरीत असताना काय करत होता? मी त्याला उत्तर दिलं नाही. तुला मात्र एवढं लांबलचक पत्र लिहितोय, त्यामागे तोही प्रश्न असेल.

सुधारित टिपणी सादर करण्याआधी मला दाखव. रविवारी मी घरीच आहे.

तुझा,
सर

ता. क. तुझा तक्ता पुन्हा बघितला. पाणलोट ९० हेक्टर, तीव्रता ५०, ते ठीक. गुणांक ०.६ कुठून आणलास? त्या उताराला आता मोकळी जमीन राहिलीय कुठे, सगळ्या सोसायट्यांनी अंगणात पेव्हर ब्लॉक घातलेत. ०.६ने सेकंदाला साडेसात घनमीटर येतं, ०.९ धरलंस तर सव्वाअकरा. सल्लागारांनीही ०.६च धरलाय, म्हणजे तू त्यांच्याच तक्त्यातून उचललास. जाऊन बघ आणि स्वतःचा आकडा लिही.