वाचकांचे प्रश्न : हिंदी मुलखात ‘जरा जायचं होतं’ कसं म्हणावं?

प्रश्न : काशी, प्रयागराज, अयोध्या अशा यात्रेला आम्ही चौघी मैत्रिणी निघालो आहोत. हिंदी समजते, पण बोलायला गेलं की मुंबईची हिंदी तोंडात येते. रस्त्यात अनोळखी माणसाला स्वच्छतागृह कुठे आहे हे सभ्यपणे कसं विचारायचं? आधी ‘कृपया’ लावलं की भागतं का? (एक वाचक, कराड)

उत्तर : ‘कृपया’ लावू नका. बोलताना तो शब्द स्टेशनवरच्या घोषणेसारखा वाटतो. हिंदीतला आदर क्रियापदाच्या शेपटात असतो आणि मराठी माणूस नेमका तिथेच चुकतो. आपल्याकडे ‘तुम्ही’ आदरार्थी, म्हणून त्याच सवयीने आपण हिंदीत ‘तुम’ म्हणून जातो. हिंदीतलं ‘तुम’ मात्र मित्रासाठी किंवा धाकट्यासाठी. साठीच्या दुकानदाराला ‘तुम बताओ ना, बाथरूम किधर है’ म्हटलं की त्याला ते एकेरीवर आल्यासारखं लागतं. तुमच्या मनात काही वावगं नसतं, तरी उत्तर तुटक मिळतं. अनोळखी माणूस वयाने कितीही लहान असो, ‘आप’च म्हणा. ‘आप बताओ’ हे अर्धवट रूप दिल्लीकडे बरोबरीच्या माणसांत सर्रास चालतं, पण वडीलधाऱ्यांशी ‘बताइए’ हवं. त्याहून मऊ ‘बता दीजिए’, आणि सर्वांत मऊ ‘बता दीजिएगा’.

दुसरी युक्ती आपल्या भाषेतच आहे. ‘मला जायचंय’ यापेक्षा ‘जरा जायचं होतं’ हे आपल्याला नरम वाटतं. हिंदीतही अगदी तसंच आहे : ‘ज़रा वॉशरूम जाना था।’ यात आणखी एक सोय आहे. ‘क्या मैं वॉशरूम इस्तेमाल कर सकती हूँ’ म्हणताना बाईने ‘सकती’ आणि पुरुषाने ‘सकता’ म्हणावं लागतं आणि घाईत गोंधळ होतो. ‘जाना था’ मध्ये बोलणारा कोणीही असो, रूप बदलत नाही.

रस्त्यावर हे वाक्य पाठ ठेवा : ‘भाईसाहब, ज़रा सुनिए, यहाँ आसपास कोई शौचालय होगा?’ ‘है क्या’ ऐवजी ‘होगा’ म्हटलं की समोरच्याला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं आणि प्रश्न दरडावल्यासारखा वाटत नाही. रिक्षावाल्याला आणि तरुण दुकानदाराला ‘भैया’, बाईला ‘दीदी’, वयस्कर बाईला ‘माताजी’. आपल्याकडे अनोळखी माणसाला ‘मामा’ म्हणतात, ती सवय मात्र इथेच ठेवा. तिकडे तशी हाक सहसा मारत नाहीत. आणि शक्यतो बाईलाच विचारा. बायकांसाठीची जागा कुठे आहे, तिथे पाणी आहे का, हे तिला माहीत असतं.

प्रश्न : शब्द नेमका कोणता वापरावा? ‘संडास’ म्हटलं तर ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो, आणि ‘बाथरूम’ म्हटलं की धर्मशाळेत आंघोळीची जागा दाखवतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही अनुभव बरोबर आहेत. ‘संडास’ हिंदीत समजतो, पण कानाला ओबडधोबड लागतो. आपल्याकडे घरोघरी चालतो तसा तिकडे चालत नाही. ‘स्वच्छतागृह’ हा मराठी सरकारी पाट्यांवरचा शब्द. हिंदीत त्याची सवय नाही. ‘मुतारी’ तर अजिबात नको, कारण त्याच धातूचं हिंदी रूप असभ्य मानलं जातं. तिकडचा पाटीवरचा शब्द ‘मूत्रालय’ आणि बोलण्यातला ‘पेशाब’; ‘पेशाब’ म्हणण्यात काही गैर नाही.

सगळीकडे चालणारे शब्द दोन : रस्त्यावर ‘शौचालय’, आणि हॉटेल, दवाखाना, कचेरी अशा ठिकाणी ‘वॉशरूम’. ‘टॉयलेट’ही सर्वांना कळतं. ‘बाथरूम’ मात्र दुहेरी आहे. घरगुती हिंदीत ‘बाथरूम जाना’ म्हणजे बहुधा लघवीला जाणं, आणि धर्मशाळेत तेच आंघोळीचं ठिकाण. तिथे शौचासाठी ‘लैट्रिन’ हा वेगळा शब्द रूढ आहे. म्हणून फोनवर खोली ठरवताना असं विचारा : ‘कमरे में लैट-बाथ अटैच है? सीट इंडियन है या वेस्टर्न?’ गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर हा दुसरा प्रश्न विसरू नका. खोली ताब्यात घेतल्यावर तो विचारून उपयोग नसतो.

‘मोरी’ही जपून वापरा. आपली मोरी भांडी-धुण्याची, हात-पाय धुण्याची. हिंदीतली मोरी म्हणजे सांडपाण्याची नाली. आपलं ‘टमरेल’ तिकडे कोणाला कळणार नाही. ‘मग्गा’ किंवा ‘डिब्बा’ म्हणा.

उत्तर भारतात ‘सुलभ’ हे नाव जवळजवळ सामान्यनाम झालं आहे. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये बिहारमध्ये ही संस्था सुरू केली आणि पैसे देऊन वापरायचं सार्वजनिक शौचालय पाटण्यात चालवून दाखवलं. तेव्हा ‘भैया, यहाँ सुलभ किधर पड़ेगा?’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो, आणि ज्यांना ‘शौचालय’ म्हणायलाच संकोच वाटतो त्यांच्यासाठी तो उत्तम. उत्तर प्रदेशात खेड्याकडे गेलात तर ‘इज़्ज़त घर’ अशी पाटी दिसेल. ते कोणाचं घर नव्हे, शौचालयच. २०१७ पासून तिथल्या सरकारी योजनेत हे नाव रूढ झालं.

प्रश्न : दिल्लीत एकाने सांगितलं, ‘सीधे हाथ पर है।’ आम्ही सरळ चालत राहिलो, काही सापडलं नाही. काय चुकलं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ‘सीधा हाथ’ म्हणजे उजवा हात आणि ‘उल्टा हाथ’ म्हणजे डावा. सरळ जायचं असेल तर नुसतं ‘सीधे’ किंवा ‘सीधे चले जाइए’ म्हणतील. ‘हाथ’ ऐकू आला की वळायचं. तसंच आपलं ‘बाजूला’ तिकडे ‘बगल में’ होतं. शंका असेल तर हात दाखवून लगेच विचारा : ‘मतलब इधर, दाएँ?’ घाई असते तेव्हा एक चुकीचं वळणही महागात पडतं.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. हृषीकेशहून बद्रीनाथला बसने जायचं आहे. गाडी थांबवायला सांगायची कशी, आणि चालकाने कुरकुर केली तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : थांबवायला सांगण्याची वेळ येण्याआधीच काम करून ठेवा. बस सुटण्यापूर्वी कंडक्टरला किंवा चालकाला गाठा : ‘भाईसाहब, पिताजी शुगर के मरीज़ हैं, ज़्यादा देर रोक नहीं पाएँगे। गाड़ी कहाँ-कहाँ रुकेगी?’ ‘शुगर’ म्हटलं की मधुमेह हे सगळ्यांना लगेच कळतं. अवघड शब्द शोधू नका. आधी सांगितलेलं असलं की पुढची विनंती अचानक आलेली वाटत नाही, आणि चालक स्वतःच ठिकाण सुचवतो. हे डोंगरात फार महत्त्वाचं आहे, कारण घाटात गाडी हवी तिथे उभी करता येत नाही. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी, आणि वळणावर मागून येणारी वाहनं. चालक नाही म्हणतो ते बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून ‘गाड़ी रोको’ नको. म्हणा, ‘आगे जहाँ ठीक जगह मिले, दो मिनट साइड में लगा दीजिएगा।’ जागा निवडायचं त्याच्यावर सोपवलं की तो अडून बसत नाही.

देवप्रयाग, रुद्रप्रयाग, जोशीमठ अशा गावांत गाडी थांबली की वडिलांना गरज वाटो न वाटो, उतरवून आणा. उतरण्यापूर्वी ‘कितनी देर रुकेगी?’ हे विचारून घ्या आणि एकाने गाडीपाशी थांबा. ढाब्यावर आधी खाणं मागवायची गरज नाही. ‘चाय बाद में लेंगे, पहले ज़रा बाथरूम बता दीजिए’ एवढं म्हटलं की कोणी अडवत नाही. चहा मात्र नंतर खरंच घ्या. पाणी कमी प्यायला लावणं हा उपाय नाही. उंचीवर आणि मधुमेहात तो त्रास वाढवतो.

प्रश्न : पैसे देऊन वापरायच्या शौचालयात बायकांकडून लघवीसाठीही पैसे मागतात. तिथे काय बोलावं? आतली कडी लागत नसेल तर? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ही तक्रार फक्त उत्तरेची नाही. मुंबईतली ‘राइट टू पी’ चळवळ २०११ मध्ये उभी राहिली तेव्हा तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता : पुरुषांना मुतारी फुकट, बाईला मात्र पैसे. दरवाजाजवळ दरफलक असेल तर आत जाण्यापूर्वी वाचा आणि शांतपणे म्हणा, ‘भैया, सिर्फ़ पेशाब के लिए जाना है, इसका तो पैसा नहीं लिखा।’ फलकच नसेल तर वाद घालण्यात वेळ जातो. पाच-दहा रुपयांची नाणी वेगळ्या कप्प्यात ठेवा. ‘सुट्टे’ला हिंदीत ‘छुट्टे’ किंवा ‘खुले पैसे’ म्हणतात.

कडीला तिकडे ‘कुंडी’ किंवा ‘चिटकनी’ म्हणा. हिंदीत ‘कड़ी’ म्हणजे साखळीचा दुवा. ‘दीदी, कुंडी नहीं लग रही, ज़रा बाहर खड़ी रहेंगी?’ असं रांगेतल्या अनोळखी बाईला विचारायला अजिबात संकोच करू नका. ती आनंदाने थांबते, कारण तिलाही तेच हवं असतं. नळाला पाणी आहे का हे आत जाण्यापूर्वी पाहा. नसेल तर ‘भैया, एक बाल्टी पानी मिलेगा?’ हे आधीच विचारा, कारण आतून हाका मारल्या तर बाहेर पोचत नाहीत. पाळी असेल तर ‘दीदी, पैड फेंकने के लिए डिब्बा है?’ एवढंच. बाहेर पुरुष बसला असेल तर त्याला ‘अंदर कूड़ेदान है?’ विचारलं तरी काम होतं. आणि डबा नसेलच तर जवळ जुन्या वर्तमानपत्राचा कागद आणि एक पिशवी असू द्या. भांड्यात टाकलेला पॅड नळी तुंबवतो आणि पुढच्या बाईला ती जागा बंद मिळते.